अल मनखूलमधला मेपलचा पाक

मी आयुष्यात मेपलचं झाड पाहिलेलं नाही. बर्फ पाहिलाय तोही मॉलमधला, तिकीट काढून. तरीसुद्धा कॅनडातल्या कुठल्याशा खेड्यात बारा मेपलच्या झाडांचा सगळा कारभार मी केलेल्या एक्सेल शीटवर चालतो. निदान त्या झाडांच्या मालकाचं तसं म्हणणं आहे, आणि तो माणूस उगाच कुणाची स्तुती करणारा नाही. सहा वर्षं तो माझा साहेब होता, त्या सहा वर्षांत त्याने माझी एकदाच स्तुती केली आणि तीही चुकून दुसऱ्याच्या कामाबद्दल.

मी क्वांटिटी सर्व्हेयर. इमारत उभी राहण्याआधी तिच्यात किती काँक्रीट जाणार, किती सळई, किती दारं आणि त्या दारांना किती बिजागऱ्या, हे कागदावर मोजून ठेवणारा माणूस. या धंद्यात राहिलं की एक खोड लागते. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय आणि मोजून झाल्यावर तिच्यात पाच टक्के वेस्टेज धरल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलब्या घेऊन आला की मी मनात वेस्टेज धरतो. बायको म्हणते, सप्तपदीच्या वेळी मी सात पावलांचीसुद्धा लांबी मोजली होती. हे खोटं आहे. मी फक्त बेरीज केली होती.

२००८ सालच्या शेवटी दुबईतली बांधकामं थांबली. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून अकरा क्रेन दिसायच्या. त्या काम करायच्या तेव्हा प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे असायचं. आता वारा येईल तिकडे सगळ्या मिळून तोंड करायच्या आणि नुसत्या उभ्या राहायच्या. सगळ्यात आधी घरी गेला तो साहेब, कारण त्याचा पगार सगळ्यात मोठा होता. मग रोज एकेक टेबल रिकामं होऊ लागलं. मी वाचलो, पण अर्धाच. पगार निम्मा, काम शून्य, हजेरी मात्र पूर्ण, अशी व्यवस्था ठरली.

निम्म्या पगारात दुबईत माणूस राहू शकतो, संसार राहू शकत नाही. अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीत त्या हिवाळ्यात एकच पद्धत पडून गेली होती. मार्चअखेर शाळेचं वर्ष संपलं की बायको-मुलांना भारतात पाठवायचं आणि नवऱ्याने कुठेतरी एका खोलीत चौघांबरोबर पलंग भाड्याने घेऊन राहायचं. त्यासाठी शाळेचा एक फॉर्म असायचा, मुलाला शाळेतून काढत आहोत असा. जानेवारीत तो आमच्याही घरी आला. बायकोने तो फ्रिजवर आंब्याच्या मॅग्नेटखाली लावून ठेवला. फॉर्म द्यायची शेवटची तारीख फेब्रुवारीअखेरचा एक रविवार होती. मुलगी तिसरीत होती. दूध काढायला फ्रिज उघडला की फॉर्म हलायचा, आणि मी दूध न घेताच चहा प्यायला लागलो.

अशात एके सकाळी कॅनडाहून साहेबाचा फोन आला. तो आपल्या गावच्या घरी परतला होता. घराच्या मागे बारा मेपलची झाडं होती. आपल्याकडे शिंदीची नीरा काढतात तशी ही झाडं थंडी सरता सरता भोक पाडून ठेवली की गोडूस पाणी गाळतात. ते पाणी आटवत बसायचं, आटवत बसायचं, म्हणजे शेवटी पाक उरतो. साहेबाला पाक करायचा होता, पण किती झाडांना किती भोकं पाडायची, किती पाणी निघणार, किती लाकूड जळणार आणि हाती किती पाक येणार, याचा त्याला काही अंदाज नव्हता.

“तुला सध्या काम नाही ना?” साहेबाने विचारलं. “मग मला एक शीट करून दे.”

मी इतका खूश झालो की फोन कानाला धरूनच खुर्चीतून उठून उभा राहिलो.

साहेबाने एक नियम सांगितला होता. झाडाच्या पाण्यात जितके टक्के साखर, त्याने शहाऐंशीला भागायचं. जो आकडा येईल तितके लिटर पाणी आटवलं की एक लिटर पाक. मेपलच्या पाण्यात साधारण दोन टक्के साखर असते, म्हणजे त्रेचाळीस लिटर पाण्याचा एक लिटर पाक. एवढंच गणित. रुमालावर लिहिता आलं असतं. मी त्याची नऊ पानं केली.

आमच्या धंद्यात ज्या क्रमाने शीट करतात त्याच क्रमाने केलं. वर प्रकल्पाचं नाव, रिव्हिजन शून्य, मंजुरीसाठी सादर. पहिला भाग झाडांचे घेर. दुसरा भाग भोकं. तिसऱ्या भागाला मी नाव दिलं ‘डीवॉटरिंग’. दुबईत कुठेही पाया खणा, दोन मीटरवर समुद्राचं पाणी लागतं आणि ते पंपाने उपसावं लागतं, त्या कामाला डीवॉटरिंग म्हणतात. पाणी काढून टाकायचं काम आलं की मला दुसरा शब्दच सुचत नाही. चौथा भाग लाकूड. पाचव्यात खारींसाठी राखीव तरतूद होती, कारण साहेब म्हणाला होता की खारी नळ्या कुरतडतात. सगळ्यावर पाच टक्के वेस्टेज.

ऑफिसात बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी स्क्रीनवर आकडे दिसल्यामुळे खळबळ माजली. जाता-येता लोक माझ्या खुर्चीमागे थांबायला लागले. शेजारच्या विभागातला एक जण हळूच म्हणाला, “नया प्रोजेक्ट आया क्या?”

“कॅनडा का है,” मी म्हणालो. “कुल बारह हैं.”

“टॉवर्स?”

“ट्रीज.”

त्याला ते लँडस्केपिंगचं काम वाटलं. दुपारपर्यंत तिघांनी माझ्याकडे आपले बायोडेटा आणून दिले. त्यातला एक लिफ्टचा इंजिनियर होता. मी तिघांचेही ठेवून घेतले, कारण नाही म्हणायला जीव होईना.

शीट झालं, पण मी कुठलंही शीट साइटवर तपासल्याशिवाय पाठवत नाही. वीस वर्षांत पाठवलेलं नाही. आता मेपल आणायचं कुठून? आमच्या इमारतीखाली एक कडुनिंब होता आणि रस्त्याकडेला नगरपालिकेची खजुराची झाडं. त्यांना भोक पाडताना सापडलो असतो तर निम्मी नोकरीही गेली असती. मग मला उपाय सुचला. झाडाचं पाणी म्हणजे काय, दोन टक्के साखर घातलेलं पाणी. ते घरीच तयार करायचं आणि घरीच आटवायचं. अर्ध्या लिटर पाकासाठी साडेएकवीस लिटर पाणी आणि चारशे तीस ग्रॅम साखर.

हा बेत मी बायकोला सांगितला तेव्हा ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“म्हणजे तुम्ही साखरेत बादलीभर पाणी घालणार.”

“साडेएकवीस लिटर.”

“आणि मग तेच पाणी दिवसभर गॅस जाळून काढून टाकणार.”

“हो.”

“अहो, चारशे तीस ग्रॅमच साखर आहे ना? तिच्यात दीड वाटी पाणी घाला. मी दहा मिनिटांत एकतारी पाक करून देते.”

“पण मग शीट कसं टेस्ट होणार?”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सासरच्या लोकांविषयी तिच्या आईने जे काही सांगितलं होतं ते सगळं तिला त्या क्षणी आठवत असावं.

गुरुवारी संध्याकाळी मी साधा नव्हे, तर मोठा, मांसात खुपसायचा थर्मामीटर घेऊन घरी आलो. दुसरा मिळाला नाही आणि आमचं घर शाकाहारी. “केवढ्याला?” तिने विचारलं. पस्तीस दिरहॅम म्हटल्यावर ती मोठ्याने म्हणाली, “म्हणजे साडेचारशे रुपये!” मग तिने फ्रिजवरचा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला.

“तुम्हाला हा भरायचा नाही म्हणून तुम्ही पाणी आटवताय,” ती म्हणाली. “मला कळत नाही असं समजू नका. रविवार शेवटचा दिवस आहे. तुम्ही बोलत नाही, मग मीच बोलते. आम्ही जातो पुण्याला. तुम्ही इथे नीट राहा, वेळेवर जेवा. भरा.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती हे सगळं फार समजुतीने बोलली. मी पेन शोधायला लागलो. पेन खिशातच होतं, पण मी ते सापडू देत नव्हतो. तेवढ्यात मुलीने आपल्या कंपासपेटीतलं पेन आणून दिलं, जांभळं, चमकीचं, शाईत चांदी चमकणारं. तिला फॉर्म कसला ते ठाऊक होतं. तरी तिने पेन आणून दिलं. मी जांभळ्या चमकीत तिचं नाव लिहिलं, वर्ग लिहिला, शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात ‘रिलोकेशन’ लिहिलं. खाली मी सही केली आणि बायकोनेही त्याच पेनाने सही केली. फॉर्म परत आंब्याखाली गेला. माझी आई वारली तेव्हा जेवढा सुन्न होतो तेवढाच मी त्या संध्याकाळी होतो, आणि हातांना चमकी लागली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. सकाळी नाश्ता झाल्याबरोबर मी चारही शेगड्यांवर भांडी चढवली. पाहुण्यांचं मोठं पातेलं, दोन कुकर झाकणाशिवाय, आणि एक कढई. मुलगी माझं साइटचं हेल्मेट घालून क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिली, कारण दर पंधरा मिनिटांनी पातळी नोंदवायची होती. ती पट्टी बुडवायची आणि ओरडायची, “बाबा, लेव्हल इज डाऊन वन सेंटीमीटर!” मला वाटलं, पुण्याला गेल्यावर हिला कुणाच्या पातेल्यात पट्टी बुडवायला मिळणार? मग तो विचार मी डोक्यातून काढून टाकला आणि खिडक्या बंद केल्या.

हो, खिडक्या मीच बंद केल्या. बाहेर मस्त वारा होता आणि वाऱ्याने आटण्याचा वेग बदलतो. आकडे शुद्ध हवे होते. त्याच कारणासाठी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनही बंद केला. बायको आतल्या खोलीत दार लावून पुण्याला तिच्या आईशी फोनवर बोलत होती, म्हणून अडवायलाही कुणी नव्हतं.

पहिले दोन तास उत्तम गेले. तिसऱ्या तासाला मुलीचे सरळ केस कुरळे झाले. काड्यापेटीची काडी पेटेना. भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोची काच धुरकट झाली आणि त्यावरून थेंब ओघळायला लागले. वर्षाच्या एकपानी कॅलेंडरचा तळातला डिसेंबर वर वळत वळत जानेवारीला येऊन भेटला. मला हे सगळं दिसत होतं आणि मी त्याकडे चांगली प्रगती म्हणून बघत होतो. चार भांड्यांतलं उरलेलं पाणी मी एका पातेल्यात घेतलं, मग छोट्या पातेल्यात. रंग हलका पिवळसर झाला होता. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता. शंभरावर पाणी उकळतं, त्याच्या चार अंश वर गेलं की मेपलचा पाक तयार.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बायकोचा आवाज आला, “अगं आई, थांब. घरात ढग आलाय.”

आणि छतावरचा धुराचा अलार्म वाजायला लागला. पाठोपाठ पूर्ण इमारतीचा.

नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, चार जिने एका दमात चढून आला. मी दार उघडलं तशी वाफ त्याच्या अंगावर गेली.

“फायर किधर है?”

“फायर नहीं है,” मी म्हणालो. “पानी है.”

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आत हेल्मेट घातलेली मुलगी धुक्यात उभी होती. “यल्ला, यल्ला, सब लोग नीचे!” तो ओरडला.

नियमाप्रमाणे गॅस बंद करून लगेच खाली जायचं असतं. मी गॅस बंद केला. पण पाक अगदी शेवटच्या टप्प्यात होता, त्याला एकट्याला सोडून जाणं मला शक्य झालं नाही. टॉवेलमध्ये धरून पातेलं बरोबर घेतलं. अशा रीतीने आम्ही जिना उतरलो. पुढे मी पातेलं घेऊन, मागे हेल्मेट आणि क्लिपबोर्डसह मुलगी, त्यामागे फोनवर आईला “काही नाही गं, हे पाक करतायत” असं सांगणारी बायको.

खाली पार्किंगमध्ये सगळी इमारत जमली होती. कुणी गाऊनवर, कुणी पानावरून उठून आलेलं. नुकतीच जुम्म्याची नमाज सुटली होती आणि पहिल्या मजल्यावरचे चाचा मशिदीतून येत होते. चाचा रत्नागिरीकडचे. तीस वर्षं दुबईत, मागच्या गल्लीत त्यांचं मिठाईचं छोटं स्वयंपाकघर होतं आणि तिथून आसपासच्या चहाच्या टपऱ्यांना गुलाबजाम जायचे. त्यांनी वर धूर नाही हे पाहिलं, मग माझ्या हातातलं पातेलं पाहिलं.

“गुलाबजामचा पाक हाय काय?” त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगायला लागलो. कॅनडा, बारा झाडं, शहाऐंशी भागिले दोन, डीवॉटरिंग. चाचा मान डोलवत ऐकत होते. आणखी दहा-बाराजण जमले. मी खारींपर्यंत पोचलो तेव्हा बायकोचा संयम संपला. तिने पातेल्यातच राहिलेल्या चमच्यावर पाक घेतला, फुंकर मारली, थेंब अंगठ्यावर घेतला आणि त्याला पहिलं बोट लावून हळूच ओढलं. तार आली नाही.

“झालेला नाही,” ती म्हणाली. “अजून पाच मिनिटं.”

“शीटप्रमाणे बारा मिनिटं लागतील,” मी म्हणालो.

“पाच.”

चाचांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं आणि ते तिच्या बोटांकडे बघायला लागले.

नातूराने सगळं ठीक आहे असं सांगितल्यावर लोक आपापल्या जेवणाकडे गेले. चाचा मात्र आमच्याबरोबर वर आले. सगळ्या खिडक्या उघडल्या गेल्या. पातेलं परत शेगडीवर चढलं. मी घड्याळ धरलं, मुलीने थर्मामीटर धरला, बायकोने काहीच धरलं नाही. ती नुसती पाकाकडे बघत उभी राहिली. पावणेपाच मिनिटांनी तिने थेंब बोटांत ओढला आणि मधे केसासारखी एक तार उभी राहिली. तुटली नाही.

“बाबा, वन झीरो फोर!” मुलगी ओरडली.

“दहा टक्के काँटिंजन्सी म्हणून अजून अर्धं मिनिट ठेवूया,” मी म्हणालो.

“खलास,” बायको म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

मोजलं तेव्हा पाक चारशे नव्वद मिलिलिटर भरला. शीटमध्ये वेस्टेज धरून चारशे पंचाहत्तर होता. मी आनंदाने उडी मारायच्या बेतात होतो, पण ओल्या फरशीमुळे मारली नाही. चाचांना माझ्या पंधरा मिलिलिटरचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुसली, बसले आणि सरळ मुद्द्यावर आले. त्यांचा पाक करणारा कारागीर महिन्यापूर्वी गावी निघून गेला होता. नव्या माणसाचा पाक एक दिवस पाण्यासारखा व्हायचा, तर दुसऱ्या दिवशी त्याचे खडे बनायचे आणि टपरीवाले डबे परत पाठवत होते.

“वहिनी, तुमी रोज सकाळी दोन-तीन घंटे आलात तर? मुलगी शाळेत आसते तेवढा वेळ. पगार पुरा देईन, इन्शाल्ला.”

मी घसा खाकरला. “चाचा, मी तुम्हाला एक शीट करून देऊ शकतो. पाकाचं.”

“तुमी ऱ्हाऊ द्या,” चाचा फार प्रेमाने म्हणाले.

बायको त्यांना काही बोलायच्या आतच फ्रिजकडून मुलीचा आवाज आला. “ममा, लुक.”

फॉर्म आंब्यातून निसटून जमिनीवर पडला होता. तो पार भिजला होता. जांभळी शाई वरपासून खालपर्यंत वाहून गेली होती. नाव नव्हतं, वर्ग नव्हता, आमच्या दोघांच्या सह्या एकमेकींत मिसळून चमकीचं एक तळं झालं होतं. ‘रिलोकेशन’ होतं तिथे तर कागदालाच भोक पडलं होतं.

आता इथे मला माझ्या धंद्याची लाज वाटावी असं एक कबूल करायला हवं. डीवॉटरिंगचं कुठलंही काम माझ्या टेबलावर आलं की मी पहिला प्रश्न विचारायचो, उपसलेलं पाणी सोडणार कुठे? ते लिहिलेलं नसलं तर कागद परत. किती कंत्राटदार मी या एका प्रश्नावर रडवले असतील. आणि स्वतःच्या शीटमध्ये एकवीस लिटर पाणी काढून टाकण्याचं दशांश चिन्हापर्यंत गणित मांडलं होतं, पण ते जाणार कुठे याचा रकानाच नव्हता. ते आमच्या दोन खोल्यांत गेलं होतं. गणपतीच्या काचेवर, मुलीच्या केसांत, आणि त्या फॉर्मवर.

“सो ॲम आय लीव्हिंग ऑर नॉट?” मुलीने विचारलं. हेल्मेट अजून तिच्या डोक्यावर होतं.

चाचा उठले, “कळवा” म्हणाले आणि दार ओढून घेऊन गेले. मला एकदम रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण घरात तसंही सगळ्याच वस्तूंवरून पाणी ओघळत होतं. बायकोने दोन बोटांनी फॉर्म उचलून सिंकच्या कडेवर ठेवला.

“मी उद्यापासून चाचांकडे जाते,” ती म्हणाली. “तुमचा अर्धा आणि माझा काय असेल तो. एका खोलीचं घर बघू. जमेल किंवा नाही जमणार. पण फॉर्मवर काही मी दुसऱ्यांदा सही करणार नाही. एकदा केली, तेवढी ताकद होती. रविवारी शाळेत जा, नवीन घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्यापुरतं मी ठरवलंय.”

मग तिने पाक बाटलीत भरला आणि मुलीला पुसायला फडकं दिलं.

साहेबाला शीट पाठवलं तेव्हा त्यात दोन गोष्टी वाढवल्या होत्या. एक रकाना, ‘पाणी कुठे सोडणार’. आणि शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ, थर्मामीटरवर विश्वास ठेवू नये, बोटांत तार ओढून पाहावी. पुढे त्याचं उत्तर आलं की त्याच्या थर्मामीटरचा थंडीत पहिल्याच दिवशी बोजवारा उडाला आणि बाकी सगळा पाक त्याने बोटांनीच काढला. रकान्याविषयी त्याने विचारलं होतं की मी उघड्यावर लाकडं पेटवून पाक करतो, पाणी आकाशात जातं, हा रकाना कशाला? मी त्याला कळवलं, असू दे. तो रकाना शीटमध्ये अजून आहे. साहेबाने धाडलेली छोटी बाटली बायकोने उघडली, बोटांत ओढून पाहिली आणि म्हणाली, “अजून जरा आटवायला हवा होता.”

पण हे नंतरचं. त्या रविवारी मी ऑफिसात जायच्या आधी शाळेत गेलो. फॉर्म घेण्याच्या खिडकीसमोर बापांची रांग होती. सगळे इस्त्रीचे शर्ट घातलेले, प्रत्येकाच्या हातात एक कागद, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझा नंबर आला. मी खिशातून तो वाळून कडक झालेला जांभळा कागद काढून दाखवला. खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काही न विचारता नवा कोरा फॉर्म पुढे सरकवला.

मी तो हातात घेतला. शाळा सोडण्याचं कारण, हा रकाना कोरा होता. मला तिथे लिहिण्यासारखं काही सुचेना, खरं किंवा खोटं. मी फॉर्म परत खिडकीतून आत सरकवला.

“आज लास्ट डेट है, सर,” बाई म्हणाल्या.

“मालूम है.”

वळलो तर मागचा माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. माझ्याच वयाचा, गळ्यात कुठल्यातरी ऑफिसचं ओळखपत्र. त्याचा फॉर्म प्लास्टिकच्या कव्हरमध्ये होता, निळ्या पेनाने, अक्षर न् अक्षर नीट भरलेला.

“जॉब मिल गया?” त्याने हळूच विचारलं.

“नहीं. आधा ही है.”

“फिर? फॉर्म क्यूँ वापस किया?”

काय सांगायचं ते कळेना, म्हणून मी खरं तेच सांगितलं. “घर में पानी उबाला था. खिडकियाँ बंद करके. भाप से पुराना फॉर्म गल गया.”

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने आपल्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग परत माझ्याकडे.

“कितने लीटर?”

“साढ़े इक्कीस,” मी म्हणालो.

त्याने खिशातून पेन काढलं, फॉर्म कव्हरमधून बाहेर घेतला आणि तो आकडा मागच्या बाजूला लिहून घेतला.